दारावर तुझं नाव आहे का?

ताई,

ऑक्टोबरमध्ये आम्ही दक्षिण जर्मनीतल्या या शहरात नवीन घरात राहायला आलो. नवऱ्याचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) आहे, मुलगी अडीच वर्षांची. 27 डिसेंबरला इंटरनेट पूर्ण बंद पडलं. त्याच दिवशी तक्रार नोंदवली. आज 15 जानेवारी, अजून बंदच आहे. दोनदा तंत्रज्ञ येणार म्हणून सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत लेकीला घेऊन घरात बसून राहिले. दोन्ही वेळा कोणी आलं नाही, वर फोनवर मेसेज, ‘ग्राहक भेटले नाहीत’. मधेच नऊ दिवस हीटिंग बंद होतं, कालच सुरू झालं. माझ्या रेसिडेन्स परमिटची मुदत 30 नोव्हेंबरला संपली. 8 नोव्हेंबरला ई-मेलने नूतनीकरणाचा अर्ज केला होता, त्यावर ‘मेल मिळाला’ एवढं आपोआप उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. फोन कोणी उचलत नाही. 24 फेब्रुवारीला भावाचं लग्न आहे. 1 मार्चपासून एक नोकरी मिळतेय, ते वैध कागद मागतात. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, ‘जर्मनीत असं होतच नाही, तुम्हीच काहीतरी विसरला असाल.’ आता मलाही तसंच वाटायला लागलंय. दारावरच्या बेलवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव आहे, तेवढंसुद्धा बदलायचं त्राण राहिलं नाही. आम्ही परत यावं का?

तुझी वाचक


प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझा थकवा दिसला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटून दुसरं वाक्य दिसलं आणि मी तिथेच थांबले. बेलवर जुन्या भाडेकरूचं नाव आहे, हे तू जाता जाता लिहिलं आहेस. मला वाटतं, तुझ्या अडचणींचं निदान एक मूळ तिथे आहे. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी हे.

जर्मनीत बहुतेक इमारतींमधल्या घरांना क्रमांक नसतो. आपल्याला ‘बी विंग, 304’ सांगायची सवय. इथे पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव. घर ओळखायची खूण म्हणजे बेलवरचं आणि टपालपेटीवरचं नाव. तंत्रज्ञ खाली येतो, त्याच्या यादीत तुझ्या नवऱ्याचं आडनाव असतं, बेलच्या पाट्यांवर ते सापडत नाही. तो ‘ग्राहक भेटले नाहीत’ अशी नोंद करून पुढच्या घरी जातो. तू वर खिडकीपाशी बसून वाट बघत असतेस आणि तो खाली येऊन गेलेला असतो. टपालाचंही तसंच. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती आढळली नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवतो.

आणि पत्राखाली तू दोन आडनावं लिहिली आहेस (इथे ती छापलेली नाहीत), माहेरचं आणि सासरचं. पासपोर्टवर कोणतं आहे? माहेरचं असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेतून, तुला येणारं पत्र त्या नावाने येणार. पेटीवर नुसतं नवऱ्याचं आडनाव लावून भागणार नाही. जितक्या आडनावांनी पत्र येऊ शकतं, तितकी सगळी पेटीवर हवीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी 2004 साली आले तेव्हा माझं आरोग्य विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं आणि मी तीन महिने त्या विमा कंपनीला मनातल्या मनात शिव्या देत होते. शेवटी शेजारच्या आजींनी पेटीकडे बोट दाखवलं. धातूची पाटी इमारत सांभाळणारी कंपनी बदलून देते, तिला वेळ लागेल. तोवर कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी. हे आज रात्रीच कर.

तुझी मुदतवाढीच्या मुलाखतीची तारीख एखाद्या पत्रात आली असेल आणि ते पत्र परत गेलं असेल, अशी शक्यता आहे. नसेलही तसं. पण कार्यालयाला लिहिताना हे विचार: ऑक्टोबरपासून माझ्या नावाचं एखादं पत्र तुमच्याकडे परत आलं आहे का, असल्यास ते पुन्हा पाठवा.

आता परमिट. तुझ्या मनातली सगळ्यात मोठी भीती हीच आहे, तू ती लिहिली नाहीस तरी. ‘मुदत संपली, म्हणजे मी आता इथे बेकायदा राहतेय का?’ नाही. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 81, परिच्छेद 4 असं सांगतं की जुन्या परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं, त्यातल्या सगळ्या हक्कांसह. तू 8 नोव्हेंबरला अर्ज केलास, मुदत 30 नोव्हेंबरला संपली. तू वेळेत होतीस. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करायची परवानगी असते, तोही हक्क तसाच चालू आहे. ते आपोआप आलेलं दोन ओळींचं उत्तर, ज्याला तू ‘पुढे काहीच नाही’ म्हणतेस, तोच तुझा पुरावा. त्याची आणि मूळ ई-मेलची तारखेसकट छापील प्रत काढ आणि पासपोर्टजवळ ठेव.

फक्त हा हक्क डोळ्यांना दिसत नाही. नोकरी देणाऱ्याला कागद हवा, विमानतळावरच्या माणसालाही कागद हवा. त्यासाठी कार्यालय एक प्रमाणपत्र देतं, नाव लांबलचक आहे, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. शुल्क 13 युरो. ते तुला कोणी आपणहून आणून देणार नाही, मागावं लागतं. आणि हातात पडल्यावर त्यावर कलम 81, परिच्छेद 4 याच ओळीवर खूण आहे ना, ते तिथल्या तिथे बघ. त्याच कलमाच्या परिच्छेद 3 वर खूण असलेल्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. परिच्छेद 4 असेल तर येतं. तो कागद हातात येईपर्यंत लग्नाचं तिकीट काढू नकोस. मला माहीत आहे हे वाचून तुला कसं वाटेल. पण परतताना कोणीतरी विमानात चढू दिलं नाही आणि लेक आणि नवरा पुढे गेले, असा प्रसंग तुझ्यावर नको. प्रवासात मुदत संपलेलं जुनं कार्डही बरोबर ठेव, आणि जमलं तर थेट जर्मनीत उतरणारं विमान घे. मधल्या देशांतल्या विमान कंपन्यांच्या लोकांनी हा कागद पाहिलेला नसतो.

कार्यालयाला आता ई-मेल करू नकोस, पत्र लिही. आपल्याकडे काम माणसाकडून होतं, म्हणून आपण माणूस शोधतो. ओळख काढतो, समोर जाऊन बसतो, साहेब भेटेपर्यंत खेटे घालतो. तीच सवय घेऊन आपण इथे येतो आणि फोनवर कोणीतरी भेटेल म्हणून अर्धा अर्धा तास ते संगीत ऐकत बसतो. समजा भेटलंच कोणी आणि गोड बोललंच, तरी फोन ठेवल्यावर हातात काही उरत नाही. इथे तोंडी बोलण्याला वजन नाही. वजन आहे ते कागदाला, आणि कागदावरच्या तारखेला. तिला म्हणतात फ्रिस्ट, मुदत. ‘लवकरात लवकर कळवा’ असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं. ‘5 फेब्रुवारीपर्यंत कळवा’ असं लिहिलेलं पत्र कोणाच्या तरी कॅलेंडरात जातं. पत्र आइनवुर्फ-आइनश्रायबेनने पाठव. ही नोंदणीकृत टपालाची साधी पद्धत, यात पोस्टमन पत्र पेटीत टाकल्याची नोंद करतो आणि ती तुला मिळते. मुदत ठरवताना टपालाचे दिवस धर. 2025 च्या सुरुवातीपासून इथल्या टपाल कायद्यात पत्र पोचवायला जास्त दिवसांची सवलत दिली आहे, पूर्वीसारखं दुसऱ्या दिवशी पत्र पोचेलच असं नाही.

आपल्याकडे म्हणतात, सरकारी काम, सहा महिने थांब. इथल्या कायद्याने तीन महिने लिहून ठेवलेत. अर्जावर तीन महिन्यांत पुरेशा कारणाशिवाय निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात त्या निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. त्याचं नाव उन्टेटिग्काइट्सक्लागे. तुझे तीन महिने 8 फेब्रुवारीला पूर्ण होतात. दावा ठोक असं मी म्हणत नाही. त्याला पैसे लागतात आणि निकाल लग्नाच्या आधी नक्कीच लागणार नाही. पण तुझ्या पत्रात एक वाक्य असू दे, की 8 फेब्रुवारीनंतर मी हा पर्याय विचारात घेईन. हे उद्धटपणाचं होईल असं वाटेल तुला. आपल्याला अधिकाऱ्याशी असं बोलायची सवय नाही. इथे ते उद्धट मानलं जात नाही, नियम माहीत असलेल्या माणसाचं पत्र एवढाच त्याचा अर्थ होतो.

जर्मन अडत असेल तर शहरात प्रौढ स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला केंद्रं असतात. कारितास, डायकोनी, आवो, रेड क्रॉस अशा संस्था ती चालवतात. तिथले लोक पत्र लिहून देतात, आणि आउसलेंडरबेहोर्डेत काय चाललंय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. भेटीची वेळ मिळाली तर सोबत कोणाला तरी घेऊन जा, कायद्याने तो तुझा हक्क आहे. आणि समोरची बाई फक्त जर्मनमध्ये बोलली तर तो तुझा अपमान समजू नकोस. कायद्याप्रमाणे कामकाजाची भाषा जर्मन आहे. इंग्रजीत बोलताना एखादा शब्द चुकला आणि त्यावरून वाद झाला तर काय, ही धास्ती त्यांनाही असते.

इंटरनेटच्या बाबतीत तुझे पैसे निघतात, हे तुला कोणी सांगितलं नसणार. 1 डिसेंबर 2021 पासून लागू असलेल्या दूरसंचार कायद्याचं कलम 58 बघ. तक्रार दिल्यावर दोन दिवसांत सेवा सुरू झाली नाही, तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी प्रत्येकी 5 युरो किंवा मासिक शुल्काच्या 10 टक्के, यांतलं जे जास्त ते. पाचव्या दिवसापासून रोज 10 युरो किंवा 20 टक्के, पुन्हा जे जास्त ते. तुझं मासिक शुल्क 40 युरोच्या आसपास आहे असं धरू. आज एकोणिसावा दिवस. दोन दिवसांचे 10, पुढच्या पंधरा दिवसांचे 150, एकूण 160 युरो. सेवा सुरू होईपर्यंत रोज 10 वाढणार. तंत्रज्ञ ठरवून न येण्याचेही प्रत्येक वेळी 10 युरो किंवा 20 टक्के मिळतात. मात्र तिथे बेलचा प्रश्न आहे. तो खरंच आला आणि नाव सापडलं नाही, तर कंपनी ती चूक तुझी म्हणेल, आणि त्यात तथ्य असेल. म्हणून ते 20 युरो मागून बघ, पण त्यावर भांडत बसू नकोस. 160 वर ठाम राहा. कंपनीने दाद दिली नाही तर बुंडेसनेट्सआगेंटूर या केंद्रीय नियामक संस्थेकडे दूरसंचाराचे वाद मिटवणारा विभाग आहे, तिथे अर्ज करायला पैसे पडत नाहीत. पत्राचे नमुने फेरब्राउखरत्सेंट्रालेच्या, म्हणजे ग्राहक केंद्राच्या, संकेतस्थळावर आहेत. पुढच्या भेटीची वेळ ठरवताना तंत्रज्ञाला तुझा मोबाइल क्रमांक आणि मजला कळवा, असं लेखी सांग.

हे सगळं इतकं का अडतं, तेही थोडं सांगते. तुला नाही, तुझ्या सासूबाईंना सांगायला. घरापर्यंत येणारी शेवटची तार बऱ्याचदा एके काळच्या सरकारी दूरध्वनी खात्याच्या वारस कंपनीची असते. 1998 मध्ये बाजार खुला झाल्यापासून बाकीच्या कंपन्या ती भाड्याने घेतात. तुझा करार एका कंपनीशी, तार दुसरीची, आणि दारात येणारा माणूस अनेकदा तिसऱ्याच कंत्राटदाराचा. या तिघांमध्ये तुझा निरोप गळतो. आणि ती तार अजून बऱ्याच घरांत तांब्याची आहे. 1981 साली हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर ऑप्टिकल फायबर टाकायची योजना केली होती. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि पैसा दूरचित्रवाणीच्या तांब्याच्या केबलकडे वळला. कार्यालयांचंही तसंच. 2017 च्या कायद्याने पाचशे पंचाहत्तर सरकारी सेवा 2022 अखेर ऑनलाइन करायच्या ठरल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच झाल्या नाहीत. परदेशी नागरिकांची कार्यालयं देशात पाचशेच्या वर आहेत आणि प्रत्येकाचं काम आपापल्या पद्धतीने चालतं.

सासूबाई म्हणतात ते अर्धं खरं आहे. याच देशात 2023 मध्ये सरासरी ग्राहकाकडे वर्षभरात मिळून 12.8 मिनिटं वीज नव्हती. वर्षभरात! तेव्हा जर्मनीत सगळं सुरळीत चालतं हा समज कुठून आला, ते कळतं. जिथे काम यंत्राने व्हायचं असतं तिथे ते होतं. जिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जायचा असतो, तिथे भिजत घोंगडं पडतं. दोन्ही एकाच देशात आहे, आणि तू नेमकी दुसऱ्या भागात अडकलीस.

हीटिंगचं थोडक्यात सांगते, कारण ते आता सुरू झालंय. नऊ दिवसांच्या तारखा लिहून ठेव. खोलीतल्या तापमानाचे फोटो असतील तर जपून ठेव. ऑक्टोबर ते एप्रिल दिवसा घर 20 ते 22 अंश उबदार राहावं, असं इथली न्यायालयं साधारणपणे धरतात. ते न राहिल्यास भाडं कायद्यानेच कमी होतं. किती, ते प्रकरणागणिक बदलतं. ऐन थंडीत हीटिंग पूर्ण बंद असताना निम्मं आणि त्याहून जास्तही कमी झालं आहे. निम्मं धरलं आणि खर्चांसकट भाडं 1,400 युरो असेल, तर नऊ दिवसांचे सुमारे 200 युरो होतात. पण रागाच्या भरात स्वतःच भाडं कापून भरू नकोस. थकबाकी साचली तर घर सोडायची नोटीस येऊ शकते. भाडं पूर्ण भर, मात्र ‘उंटर फोरबेहाल्ट’, म्हणजे हक्क राखून भरते आहे, असं लेखी कळव आणि परतावा माग. विजेचा हीटर लावला असशील तर तेही लिही आणि विजेच्या मीटरचा फोटो आताच काढून ठेव. जमल्यास भाडेकरू संघटनेचं सभासदत्व घे. माझ्या मते नव्या माणसाने इथे सगळ्यात आधी भरावी अशी वर्गणी तीच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी बोलते. सकाळी आठ ते चार घरात अडकून बसलीस ती तू, गार घरात लेकीला तीन स्वेटर चढवलेस ते तू, फोनचं संगीत ऐकलंस ते तू. तुझा नवरा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण इंटरनेटचा करार त्याच्या नावावर असणार, भाड्याचाही. ती दोन पत्रं त्याने लिहावीत, त्याने सही करावी, त्याने पोस्टात जावं. परमिट तुझं आहे, ते तू बघ. वाट बघणं हेही कामच असतं, आणि ते दिवसभर एकटीने केलं की माणसाला स्वतःवरच शंका येऊ लागते. ‘माझंच चुकतंय’ हे तुला वाटतंय ना, ते तिथून आलंय. चूक एवढीच झाली की बेलवरची पाटी राहिली, आणि या देशात पाटीला एवढं महत्त्व आहे हे तुला कोणी सांगितलं नव्हतं.

परत यावं का? मी याचं उत्तर आज देणार नाही आणि तूही आज ठरवू नकोस, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. जानेवारीत, गार भिंतींमध्ये, नेट नसताना घेतलेला निर्णय हा या तीन आठवड्यांबद्दलचा असतो, पुढच्या दहा वर्षांबद्दलचा नसतो. नोकरीचे पहिले दोन-तीन महिने जाऊ देत. मे महिन्यात तुम्ही दोघं बसा आणि मग बोला. तेव्हाही मन तिकडेच ओढत असेल तर खुशाल जा, त्यात हार कसली? मला भीती वाटते ती एवढीच, की एका परत गेलेल्या पाकिटामुळे तुम्ही परत जाल.

सासूबाईंना पुढच्या फोनवर हे पत्र वाचून दाखव, नाहीतर निदान पाटीची गोष्ट तरी सांग. दारावर नाव नसलं तर पाहुणा परत जातो, हे त्यांना लगेच पटेल.

आणि आउसलेंडरबेहोर्डेच्या पत्रात लग्नाचा वेगळा परिच्छेद कर. 24 फेब्रुवारीची तारीख ठळक लिही, त्यासाठी प्रवासाची गरज आहे आणि त्याआधी प्रमाणपत्र हवं आहे असं स्पष्ट माग, आणि सोबत लग्नपत्रिका जोड. पत्रिका मराठीत असेल, तर भावाचं नाव, तुझं नाव, तारीख आणि गाव एवढ्याचं जर्मन भाषांतर खाली तूच लिही. पत्रिका अजून छापून झाली नसेल तर भावाला आज फोन कर, मजकुराचा फोटो तरी मागवून घे.

तुझी,
ताई